टँकरचं पाणी आणि शेवटचं दगडफूल

दमल्या जिवाला कोण कुठं भेटेल, सांगता येत नाही. झाडांच्या मोजणीवालीला टँकरवाला भेटला, तोही अंगावर पाणी उडवत.

रस्तारुंदीचं काम चाललं होतं. धूळ बसावी म्हणून तो दिवसभर टँकर फिरवायचा. ती जुन्या झाडाच्या बुंध्याला नाक लावून उभी होती. भिजली, वळली, रागवायचंही त्राण नव्हतं.

तो ओशाळून खाली उतरला. "एवढं काय बघता सालीत?"

"दगडफूल." तिनं तळहाताएवढा राखी-हिरवा डाग दाखवला. "या जातीचं एवढंच उरलंय. सतरा झाडं पडली, बाकीचं धुळीनं मेलं. महिनाअखेर हे जिवंत दिसलं, तर रस्ता दहा फूट सरकेल. नाहीतर झाडही गेलं."

"बुरशीसाठी?"

"नुसती बुरशी नाही, आत शेवाळही असतं. बुरशी घर देते, शेवाळ रांधून घालतं. ताटातूट झाली की दोघांचंही खरं नाही."

"आणि भांडण झालं की?"

"वेळ कुठाय त्यांना..." ती हसली. फार दिवसांनी, गालांना सवयच राहिली नव्हती.

मग दर गुरुवारी ती मोजपट्टी घेऊन यायची, तो टँकर थांबवून मुळावर बसायचा. थर्मासला झाकण एकच. "तुम्ही आधी—" "छे, तुम्ही—" यात चहा निवून जायचा.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पट्टी तिच्या हातातच राहिली. दगडफूल कडेनं पांढरं पडलं होतं.

"धूळ तर नाही," ती पुटपुटली. "धुतल्यासारखं..."

"मीच धुतलं." त्यानं टोपी काढली. "रोज सकाळी, नळी लावून. म्हटलं, वाढलं तर... तुम्ही पुन्हा हसाल."

"पाण्यात जंतू मारायची पावडर असते ना?"

"मजूर तेच पितात, म्हणून मीच टाकतो. ध्यानातच आलं नाही हो."

तिनं पट्टी खाली ठेवली. रागवावं तरी कुणावर? माया आंधळी असते म्हणतात. या मायेच्या हातात तर नळीही होती.

मग तिनं भिंग काढलं आणि देवापुढं टेकावेत तसे गुडघे टेकले. मधोमध नखाएवढा ठिपका अजून हिरवा होता.

"आहे... जिवंत आहे."

"एवढंसं चालेल?"

"नियमात जिवंत म्हटलंय, केवढं ते नाही. अहवालात टँकरच्या पाण्याचंही मात्र लिहावं लागेल."

"लिहा. मी सही करतो. आता मी काय करू?"

"काही नाही. हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही. नुसतं सोबत बसायचं."

"पुन्हा तळहाताएवढं व्हायला किती दिवस?"

"चाळीस वर्षं."

त्यानं थर्मास उघडला, झाकण भरलं, तिच्यापुढं धरलं. "तुम्ही आधी."

तिनं अर्धा चहा प्यायला, झाकण त्याच्या हातात दिलं आणि बुंध्याला पाठ टेकून, डोळे मिटून विचारलं,

"चाळीस वर्षं 'तुम्ही'च म्हणणार का?"