थंडीतून ऊब आणणारं यंत्र

बाहेर इतकी थंडी, की वेण्णा तलावाकाठचं दव गोठून पांढरंफटक झालेलं. अशा हवेतून आमचा हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) उष्णता आणतो तरी कुठून? मला काही केल्या पटेना. आणि वेळ तर मुळीच नव्हता, कारण ते यंत्र काढून न्यायला खटू नावाचा यंत्रमानव दारात येऊन उभा होता.

विजेचं बिल बघून बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. "हा पांढरा हत्ती आपल्याला पोसवायचा नाही, कावेरी. परत शेगडी पेटवू."

शेगडी! माझ्या आबांना दमा आहे. मागच्या हिवाळ्यात शेगडीच्या धुराने त्यांचा जीव नुसता घुसमटायचा. मला इतकी भीती वाटली, की मी खटूच्या वाटेत आडवीच उभी राहिले.

"थांब! आधी सांग, बिल वाढलं का?"

"मला फक्त काढायला सांगितलंय," खटू म्हणाला. "पण विचारलंस ते बरं केलंस. थंड हवेतही उष्णता असतेच. नळ्यांतून शीतक (खूप कमी तापमानालाही उकळणारा द्रव) फिरतो. तो हवेपेक्षाही गार असतो, म्हणून हवेतली उष्णता त्याच्यात शिरते आणि त्याची वाफ होते. मग कॉम्प्रेसर (वाफ दाबणारा पंप) ती दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना?"

"तापतो की! पटपट सांग!"

"तशीच ती वाफ तापते आणि घरात ऊब सोडते. वीज लागते ती उष्णता वाहून आणायला, तयार करायला नाही. म्हणून बिल कमीच यायला हवं."

"मग येत का नाही?" मी पाय आपटला.

"बाहेरचा भाग दाखव."

आम्ही घरामागे धावलो. बघते तर काय, तो भाग गोणपाटात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेला! मागोमाग आबा खोकत आले.

"मीच बांधलंय," ते म्हणाले. "थंडीत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना पांघरूण घालतो, मग यानेच काय घोडं मारलंय? बिचारं रात्रभर कुडकुडतं."

"आबा, त्याला ताजी हवाच मिळत नाही," खटू म्हणाला. "आतल्या आत तीच गार हवा फिरते. उष्णता मिळेनाशी झाली, की घरातली कॉइल (विजेने तापणारी तार) आपोआप चालू होते. बिल वाढवते ती कॉइल."

आबा मटकन पायरीवर बसले. "म्हणजे मी त्याचा श्वास कोंडला? अरे देवा, मी?" त्यांचे डोळे भरून आले.

गाठ सुटेना, तशी मी ती दातांनी सोडवली. पंखा मोकळा भणभणू लागला. मी घरात धावले, बाहेर धावले, पुन्हा घरात.

"कॉइल बंद झाली!" मीटरसमोरून बाबा ओरडले. "वीज निम्म्याने कमी ओढतंय! खटू, यंत्र इथेच राहू दे."

पण मी खटूला सोडते होय? "आमच्या शीतगृहात (फळं गार ठेवायची खोली) फळांतली उष्णता काढून घेतात, ती जाते कुठे?"

"बाहेर. वाया."

"ती घरात आणली तर?"

"आणता येईल. नवीन यंत्र बसवावं लागेल."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "बसवू की! पण आधी सांग, त्याला श्वास घ्यायला जागा किती सोडायची?"