कोणत्या घरचं कार्ड

बीपीच्या मशीनची नळी फुटली ती नेमकी दगडाबाईंच्या दंडावर, आणि तीही आश्विनातल्या टळटळीत दुपारी. फुस्स करून हवा गेली. दगडाबाई ओरडल्या, "मॅडम, माझ्या बीपीला काय झालं वो?"

रेणुकाला हसायचंही त्राण नव्हतं. बोरखडीच्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी म्हणून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायची, वाढलेलं निघालं तर त्याचं पिवळं कार्ड करायचं, आणि मग महिन्याच्या महिन्याला त्याच्या मागे लागायचं, हे तिचं काम. माणसं गोळी सोडून सगळं खायची. दगडाबाई तर उपासाला गोळी घेत नसत, गोळीनं उपास मोडतो म्हणून, आणि आठवड्यात त्यांचे उपास तीन. समजावून समजावून रेणुकाचा घसा बसला होता.

"नवी नळी यायला महिना जाईल," गावच्या आशा कार्यकर्त्या चतुराबाई म्हणाल्या. त्यांचं वय पन्नासच्या पुढं, आणि गावातलं त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं. "फाट्यावर सिद्धोधनकडं न्या. जळक्या मोटारीत नवी तार भरतो, त्याला कायबी जोडता येतंय."

फाट्यावर पत्र्याचं दुकान होतं. आत तांब्याच्या तारेची वेटोळी, जळक्या मोटारींचा वास, आणि त्या सगळ्याच्या मध्ये वार्निशनं हात काळे झालेला एक चौतिशीचा माणूस.

"जय भीम, मॅडम. पंखा जळाला का?"

"जय भीम. नळी फुटलीय."

त्यानं नळी उजेडाला धरली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, सोल्यूशन लावून फुंकर घातली. एवढे राकट हात आणि एवढं हळुवार काम... रेणुका बघत राहिली. उन्हातून चालून आल्यामुळे असेल, पण तिला तिथून उठावंसं वाटेना.

"लावून बघा बरं आता."

"कुणाला?"

"मी हाय की!" त्यानं बाही वर सरकवली.

तिनं पट्टा गुंडाळला. दोघांची नजर एकदा भेटली, आणि दोघांनीही मशीनकडे पाहिलं.

"बोलू नका."

"मी कुठं बोलायलोय?"

"हसूही नका."

एकशे अडुसष्ट. खालचं एकशे चार.

"नळी अजून गळतेय वाटतं," ती पुटपुटली.

"माझ्या कामाला नावं ठेवू नका, मॅडम!"

तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे अठरा, खाली शहात्तर. नळी ठणठणीत होती.

"तुमी हात धरला म्हणून वाढलं असंल," तो मान खाली घालून म्हणाला. "एकदम व्होल्टेज वाढलं की मोटारबी..." आणि बोलता बोलता थांबला.

रेणुकाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तीन वर्षांत तिच्याशी तक्रारीशिवाय कुणी काही बोललं नव्हतं. "दहा मिनिटं शांत बसा," ती म्हणाली. दहा मिनिटांनी एकशे चौसष्ट निघालं.

"तुमी हितंच बसल्यात, मग उतरंल कसं?"

आता मात्र ती हसली. त्या हसण्याच्या भरात तिनं एक चूक केली. वहीत सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या रेणुकानं त्या दिवशी सिद्धोधनचं नाव लिहिलं नाही.

घरी गेल्यावर मात्र तिला चैन पडेना. चार दिवसांनी तिनं मशीन देऊन चतुराबाईंना दुकानात धाडलं. त्या मिशरीचं बोट तोंडातून काढत परत आल्या आणि म्हणाल्या, "एकशे सहासष्ट."

म्हणजे आपल्यामुळे नव्हतं तर... रेणुकाला आधी वाईट वाटलं आणि मग भीती. आधी वाईट वाटल्याची तिला मनातून लाजही वाटली. त्याच आठवड्यात तिनं त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडलं. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं आणि रोज एक गोळी सुरू केली.

"किती दिवस घ्यायची?" सिद्धोधननं येऊन विचारलं.

"जन्मभर."

"कार्ड करू नका, मॅडम. मायनं मानवतचं स्थळ बघितलंय. गावात कळलं की संपलं."

रेणुकाला हे वाक्य पाठ होतं. प्रत्येक घरात कुणी ना कुणी ते म्हणायचंच. ती प्रत्येकाला सांगायची, यात लाजायचं काही नाही. आणि स्वतःच्या शुगरच्या गोळ्या ती पाथरीला जाऊन आणायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुगरचं नवं मशीन आलं होतं. टोचून घ्यायला बाया घाबरत होत्या, म्हणून रेणुकानं सगळ्यांसमोर आधी आपलंच बोट टोचलं. मशीननं दोनशे अडुसष्ट दाखवलं. "बघा, काही दुखत नाही," असं हसत म्हणून तिनं मशीन पालथं ठेवलं. तेव्हा तिचं लग्न जमलेलं होतं. मुलाकडच्यांना तिनं खरं काय ते सांगितलं, आणि पंधरा दिवसांत त्यांचा निरोप आला, योग नाही म्हणून. त्यानंतर तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. भाड्याच्या खोलीत एकटी राहायची, मोजून भाकरी खायची आणि संध्याकाळी गावाला पथ्य शिकवायची. थकवा नुसता पायांचा नव्हता.

सिद्धोधनचं कार्ड तिनं केलंच. उपकेंद्रात बुटाच्या खोक्यात सगळी कार्डं घरवार ठेवलेली असत. एका घरची कार्डं एकत्र आणि त्यांना रबर. चतुराबाईंचीच ही रीत. त्यांना वाचायला वेळ लागे, पण गठ्ठा बघून घर ओळखता येई. सिद्धोधनची आई चांगुणाबाई शुगरची जुनी पेशंट, तिच्या एकट्या कार्डाला लेकाच्या कार्डाची सोबत झाली.

मग तो दर महिन्याला येऊ लागला, आणि मध्येही काहीतरी निमित्त काढून यायचा. कधी पंख्याला आवाज येतोय का बघायला, कधी नळी तपासायला. येताना फाट्यावरून चहा आणायचा. रेणुका पेला हातात धरून बसायची, पण प्यायची नाही.

"रोज गार करून टाकता. माझ्यावर राग हाय का चहावर?"

"गार आवडतो मला."

"अन् गरम माणसं?"

"त्यांचं बीपी वाढतं," ती म्हणायची, आणि खिडकीबाहेर बघून ओठ दाबायची. तो गेला की दिवस पुन्हा लांब व्हायचा. तो तिला आवडू लागला होता, अगदी मनापासून. म्हणूनच ती आणखी गप्प होत गेली. एकदा खरं सांगितल्यावर काय झालं, ते ती विसरली नव्हती.

मार्गशीर्षात त्याचं बीपी मोजलं तर एकशे बहात्तर. तिनं दुसऱ्यांदा मोजलं, तरी तेच.

"गोळी घेताय ना?"

"घ्यायलोय की."

कपाटापाशी उभ्या चतुराबाईंनी पदराखालून वार्निशचा एक रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. आत गोळ्यांची दोन पाकिटं, एकाचं सीलही न फोडलेलं, दुसऱ्यातली एकच गोळी गेलेली. "दुकानात तारंमागं घावला," त्या म्हणाल्या. "कार्डाच्या दिवशी सकाळी एक खातोय म्हणं. आज तीबी इसरला."

"का?" रेणुकाचा आवाज चढला. तिची ती जपून बोललेली भाषा कुठल्या कुठं गेली. "तुमाला काय झालं मंजी? आईकडं कोण बघंल? एक बाजू गेली तर ह्या हातांनी तार गुंडाळता येणार हाय का?"

"मानवतचे पाहुणे उठून गेले, मॅडम. गोळ्या चालू हायत म्हणल्यावर च्यासुदिक घेतला न्हाई." तो हातांकडे बघत म्हणाला. "त्याचं मला कायबी न्हाई. मला तिथं करायचंच नव्हतं. पर जिला इचारायचंय, ती दिवसभर आजाऱ्यांतच बसती. तिला घरीबी आजारीच माणूस द्यायचा व्हय? डबा बंद ठिवला की वाटायचं, मी धडधाकट हाय... इचारता येईल."

पंखा गरगरत राहिला. चतुराबाई कपाटाच्या दाराआड उगाचच काहीतरी पुसू लागल्या.

"तुमाला न्हाई कळायचं," तो उठत म्हणाला. "तुमाला कुठं जन्मभर गोळी खायचीय!"

"बसा," ती म्हणाली.

तिनं पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं पाकीट काढलं आणि त्याच्या पाकिटांशेजारी ठेवलं. निम्म्या गोळ्या संपलेल्या.

"शुगर. दोन वर्षं झाली. रोज दोन वेळा. पाथरीहून आणते, इथं कळू नये म्हणून." तिनं रुमालाची घडी घातली. "एक लग्न मोडलंय त्यापायी. दुसऱ्यांदा सांगायचं धाडस नव्हतं... आणि तुम्हाला तर नाहीच. तुम्ही उठून गेला असता तर मला सोसलं नसतं."

सिद्धोधननं ते पाकीट उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हणून चहा गार व्हायचा."

"तीन चमचे साखर घालतो तुमचा तो फाट्यावरचा!"

त्याला हसू फुटलं, तिला रडू. तिनं डोळे पुसले, ड्रॉवरमधून एक कोरं पिवळं कार्ड घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव, वय, गाव लिहिलं. दोन वर्षं जे लपवलं, ते लिहायला दोन मिनिटं लागली. कार्ड तिनं चतुराबाईंपुढे धरलं.

चतुराबाईंनी ते घेतलं. खोकं पुढं ओढलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मॅडम, हे कोणत्या घरच्या गठ्ठ्यात लावू?"

या गावात रेणुकाचं घरच नव्हतं.

"आमच्या," सिद्धोधन हळूच म्हणाला. "म्हंजे... त्यांची मर्जी आसंल तर."

तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मर्जी आहे. खूप आहे. पण आधी दोन महिने रोज गोळी. माझ्यासमोर. मला गठ्ठ्यातलं तुमचं कार्ड काढून फाडायची वेळ नाही आणायची."

"अन् तवर?"

"तवर माझं कार्ड सुटंच राहू दे."

दोन महिने तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आला. तिच्यासमोर गोळी घ्यायचा, तिला घ्यायला लावायचा, आणि बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत प्यायचा. गावात बोलणं झालं ते झालंच. पण दगडाबाई एका चतुर्थीला आपण होऊन आल्या आणि चतुराबाईंना म्हणाल्या, "मॅडमबी खात्यात म्हणं. मग दे बाई माझीबी."

माघात एका सोमवारी मशीननं एकशे अठ्ठावीस दाखवलं. रेणुकानं चांगुणाबाईंचा गठ्ठा काढला आणि आपलं कार्ड त्यात सरकवलं. रबर ताणलं तसं तुटलं.

सिद्धोधननं खिशातून सायकलच्या ट्यूबची कापलेली एक काळी कडी काढली.

"कधीपासून घेऊन फिरताय?"

"तुमी कार्ड सुटं ठिवलं त्या दिवसापासून," तो म्हणाला. तिनं गठ्ठा धरला, आणि त्यानं तिन्ही कार्डांवर ती कडी नीट बसवली.