पाहुण्याचा आवाज

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यावर ती गुदरली, त्याने ती शपथेवर सांगितली आहे.

शपथ त्याने सासूची घेतली होती, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. बुधवारची रखरखीत दुपार होती आणि संगीतकार घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेल्या स्टुडिओत, चरफडत बसला होता.

चरफडायला कारण होतं. अर्धं आयुष्य मलमांच्या जाहिरातींना चाली लावण्यात घालवल्यावर त्याचं एक गाणं गाजलं होतं. नाचाचं, इलेक्ट्रॉनिक, छातीत धडधडणारं. मध्ये थोडा वेळ एक पाहुणा रॅपर येतो आणि बोलून जातो. बाकी सगळं याचं.

पण जग म्हणत होतं, "त्या रॅपरचं गाणं."

दाताच्या डॉक्टरांकडेही तेच वाजत होतं. "काय गाणं केलंय या रॅपरने, नाही?" डॉक्टर म्हणाले. संगीतकाराच्या तोंडात तेव्हा ड्रिल होतं. तो "आँ" म्हणाला. डॉक्टरांनी तो होकार धरला.

म्हणून त्याने गाणं काढणाऱ्या कंपनीच्या हातापाया पडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. त्याच गाण्याची बिनरॅपची प्रत. नुसतं संगीत. वर फक्त त्याचं नाव.

"आज संध्याकाळपर्यंत फाइल आली तर लावू. नाहीतर राहू दे," कंपनीतल्या बाई म्हणाल्या होत्या.

काम सोपं होतं. रॅपरचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर होता. त्याने तो ट्रॅक बंद केला, फाइल तयार केली आणि हेडफोन लावून ऐकायला बसला.

बीट चढत गेला... थांबला...

आणि रॅप सुरू झाला.

"वय झालं," तो स्वतःशी पुटपुटला. या खेपेला त्याने तो ट्रॅक बंद नाही, पुसूनच टाकला. पुन्हा फाइल. पुन्हा हेडफोन.

बीट चढत गेला... थांबला...

आधी कुणीतरी खाकरलं. मग रॅप. मघापेक्षा जरा जोरात.

संगीतकाराच्या अंगावर काटा वगैरे आला नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सरळ रॅपरला फोन लावला.

बराच वेळ फोन वाजत राहिला. मग पलीकडून नुसती कुजबुज आली.

"दादा... बोलता येत नाहीये. मघाशी जेवता जेवता आवाजच गेला. डॉक्टरांकडेच बसलोय. ते म्हणतात, घशात काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे सगळं ठीक आहे. फक्त आवाज नाही. उद्या कार्यक्रम आहे, दादा."

संगीतकाराने फोन ठेवला. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं. त्याने फाइल पुन्हा लावली आणि दात-ओठ खात शेवटपर्यंत ऐकली.

गाणं संपलं. पुढे काहीच नसायला हवं होतं...

श्वास...

स्टूल सरकल्याचा आवाज...

"दादा, थोडं पाणी मिळेल का?"

आता मात्र काटा आला.

कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी रॅपरने हे अगदी असंच विचारलं होतं. पण मेहुण्याने एकदा साउंड मिक्सरवर पेलाभर पाणी सांडलं होतं, तेव्हापासून स्टुडिओत पाणी बंद होतं. "आधी टेक होऊ दे, मग बाहेर पी," असं याने सांगितलं. टेक झाला, तेवढ्यात त्याची टॅक्सी आली, आणि पाहुणा तसाच गेला.

आणि ते वाक्य रेकॉर्ड झालेलंच नव्हतं. माइक तेव्हा बंद होता.

"कुणाला पाणी हवंय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

हेडफोन याच्या कानांवर होते.

"कुणाला नाही."

"मागतंय की कुणीतरी. मघापासून दोनदा मागितलं."

ती पेला घेऊन दारात उभी राहिली.

"स्टुडिओत पाणी चालत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचाही बसला होता.

"माझ्या भावाने एकदा सांडलं म्हणून सगळ्या जगाला तहानेने मारणार आहेस का? माणसाला घरी बोलवायचं, घोटभर पाणी विचारायचं नाही, आणि मग रडायचं की गाणं त्याच्या नावाने गाजलं."

तिने पेला माइकसमोरच्या स्टुलावर ठेवला आणि दार ओढून घेऊन गेली.

संगीतकाराने फाइल पुन्हा तयार केली.

बीट चढत गेला... थांबला...

काही नाही. स्वच्छ. पहिल्यांदाच सगळं गाणं त्याचं एकट्याचं होतं. मधली जागा जरा ओकीबोकी वाटली, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. फाइल पाठवून दिली.

लगेच फोन वाजला.

"दादा, आला आवाज," रॅपर खणखणीत बोलत होता. "आत्ताच. नुसता ठसका लागला आणि आला."

"पाणी प्यायलास का?" याने विचारलं.

"नाही. का?"

त्याने मान वळवून पाहिलं. पेला अर्धा झाला होता. सांडलं म्हणावं, तर स्टूल कोरडं होतं. दार बंद होतं, आणि खोलीत तो एकटा होता.

त्यानंतर तो स्टुडिओत रोज पेला भरून ठेवतो. मेहुण्याला आजही आत प्रवेश नाही. एखाद्या दिवशी पाणी कमी होतं. कोण पितं, हे बघायला तो मान वळवत नाही.

बिनरॅपचं गाणं ठरल्याप्रमाणे लागलं. वर फक्त त्याचंच नाव आहे.

खाली ऐकणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारलाय, की रॅप कुठे गेला.