नववीच्या कपाटातला वॉकमन

"बाई, तुमी एक वॉकमन पकडलाय म्हनं. त्याला जामीन हाय का?"

कपाटाला कुलूप लावता लावता रेवा प्रधाननं वळून पाहिलं. दारात पंचविशीतला तरुण उभा होता. अंगात बंदरावरचा गणवेश, काखेत कामावरचं हेल्मेट… आणि चेहऱ्यावर असं हसू, की हा तक्रार घेऊन आलाय हे पटूच नये.

१९९४ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पनवेलच्या त्या शाळेत नवी सूचना निघाली होती: वॉकमन, व्हिडिओ गेम, गाणं वाजवणारं घड्याळ, दप्तरात सापडेल ते जप्त. परत मिळेल ते फक्त आई-वडिलांच्या हाती. नववीचं कपाट रेवाकडे होतं, आणि रेवाबाई कुणाचं ऐकत नाहीत हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"आपण कोण?"

"इंद्रजीत. तुमच्या नववीतल्या गोदूचा भाऊस. उरनच्या करंज्याशी आलो."

"वडिलांना पाठवा."

"बापूस दर्यावर हाय. आईस बाजारात मासली विकते. मी काय कमी हाय? मिशी तर हाय."

रेवाला हसू आलं. ते लपवायला तिनं पुन्हा कपाटाकडे तोंड केलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताना तो परत हजर. हातात ओली पिशवी.

"बापूस नाय आला, पन बापसानं पकडलेलं सरंगं आलंत."

"शाळेत मासे चालत नाहीत."

"ह्यो पन नियम?"

"नाही. हा वास!"

त्याच दिवशी मुख्याध्यापिका आशालताबाई तिला म्हणाल्या, "अगं, वडील समुद्रावर असतात त्यांचे. भावाला देऊन टाक."

"देते," रेवा म्हणाली. आणि दिला नाही. वॉकमन एकदा हातात पडला, की हा माणूस उरणहून एसटीचे धक्के खात पनवेलला कशाला येईल?

मग शुक्रवारी साडीला इस्त्री होऊ लागली. शनिवारी तो विचारायचा, "आज?" ती म्हणायची, "नियम आहे." पण म्हणताना तिचा आवाज हळूच मऊ व्हायचा. त्याला तो कळतो, असं ती धरूनच चालली होती.

डिसेंबर संपता संपता तो यायचा थांबला. जानेवारीत आला तो वडिलांना घेऊनच. कमळाकर नाखवा, कडक पांढरा सदरा घातलेले. रेवानं कपाट उघडून वॉकमन त्यांच्या हाती दिला. ते गोदूला बोलवायला पटांगणात गेले.

"त्यांना कशाला आणलंत?" तिनं विचारलं.

"तुमीच तर सांगत व्हत्या."

"मोठ्या बाईंनी केव्हाच परवानगी दिली होती. तुम्ही मासे आणलेत ना… त्याच दिवशी."

"मंग दिलात का नाय?"

"दिला असता तर… तुम्ही परत आला नसता."

बाहेर कुणीतरी नळ उघडाच टाकला होता. पाण्याचा आवाज येत राहिला.

"आईसनं इचारलं, दर शनवारी पनवेलला कोन हाय?" इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला. "मी बोललो, एक बाई हाय. पन ती साधा वॉकमन माझ्या हाती देत नाय. माझ्या बापसालाच बोलवते." तो पटांगणाकडे बघत म्हणाला, "परवा सुपारी फुटली माझी. आईसनं बगितली, मोरा बंदराची हाय पोरगी."

"एकदा… विचारायचं तरी."

"इचारनार व्हतो. पन तुमचा नियम कोनासाठी ढिला व्हत नाय, येवढंच मला कललं."

ती काही बोलणार होती—पण नाखवा गोदूला घेऊन दाराशी आले होते. त्यांनी हात जोडले.

"बाई, पोर सांगत व्हता, त्यानं किती इनवन्या केल्या तरी तुमी ऐकलं नाय. मानूस असा पायजे. गोदू तुमच्या वर्गात हाय, आमाला काय काळजी नाय."

रेवानं नमस्कार केला. "बसा ना, चहा मागवते," ती म्हणाली.

"नको, बाई," इंद्रजीत म्हणाला. "एसटी चुकंल."

तिघं फाटकाबाहेर पडली तरी ती दारातच उभी होती.