दुसरं आमेन

दार ओढून घे, गॅब्रिएल. अंधार पडलाय, आता सांगतो.

फेबियन गेला होता फक्त पंपाची मोटर बसवायला. दहा मार्च दोन हजार तेवीस, उपवासकाळातला शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. चर्चमधली क्रुसाची वाट, म्हणजे शुक्रवारची प्रार्थना, आटोपून तो थेट रिचर्डच्या वाडीत गेला. सकाळी केळीला पाणी द्यायचं होतं. फेबियन माझा मावसभाऊ. त्याला खोटं बोलायला जमत नाही.

मोटर बसवून हात धुवायला तो घरात आला, तर टेबलावर बायबल उघडं. जुना करार, गणना, पाचवा अध्याय. शेजारी पाण्याचा वाडगा. समोर रिचर्डची बायको हिल्डा, नर्सच्या गणवेशातच उभी. विरारच्या दवाखान्यात ड्युटी लांबली म्हणून एका डॉक्टरने तिला गाडीतून सोडलं होतं. एवढाच तिचा गुन्हा!

हसतोस काय रे? नाक्यावरचेही असेच हसले होते. त्या हसण्यावरच रिचर्डचा संशय पोसला.

त्या अध्यायात लिहिलंय, नवऱ्याला बायकोचा संशय आला तर याजकाने पवित्र पाण्यात मंदिराच्या जमिनीवरची धूळ टाकावी, शाप लिहून त्यातच धुवावा आणि ते पाणी तिला पाजावं. पापी असेल तर पोट फुगेल. न्याय देवाचा. आणि नवऱ्याला? नवऱ्याला कोणी काही पाजत नाही! हे करा म्हणून गेलेल्या रिचर्डला फादरांनी हाकलून दिलं होतं. मग याने चर्चमधली धूळ रुमालात बांधून आणली आणि घरात स्वतःच देव होऊन बसला.

"पी हे पानी," तो म्हणाला. "आनि आमेन म्हन. दोनदा. तसं लिवलंय."

हिल्डाने फेबियनकडे पाहिलं. तो गप्प. हातात पाना, आणि जीभ पोटात! अकरा वर्षांपूर्वी सगळं गावच असं गप्प होतं. रिचर्डची पहिली बायको सेलिन तेव्हा वाडीतल्या बावखलात बुडाली. एवढंसं तळं ते, पुरुषभर खोलही नाही. त्याच आठवड्यात तिला कळलं होतं की कामणला त्याची दुसरी बाई आहे. रिचर्ड म्हणाला, पाय घसरला. आम्हीही म्हणालो, पाय घसरला. मीसुद्धा!

हिल्डाने वाडगा उचलला. एका दमात रिकामा केला.

"आमेन," ती म्हणाली.

आणि थांबली. दुसऱ्यांदा म्हणणार नव्हतीच ती.

मग... मागच्या पडवीतून आवाज आला.

"आमेन."

बाईचा. हळू. घशात पाणी असल्यासारखा.

पडवीत दिवा नव्हता. रिचर्डने वळून पाहिलं नाही. आवाज त्याने ओळखला होता. फेबियननेही...

"कोन हाय?" फेबियनने विचारलं.

...

टेबलावरचा रिकामा वाडगा पुन्हा भरलेला होता. काठोकाठ. हिरवं पाणी. शेवाळाचा वास.

हिल्डा मागे सरली.

"मी प्याले," ती म्हणाली. "आता तुझी पाळी."

रिचर्ड नको, नको म्हणत होता. हात ऐकेनात. वाडगा ओठाला लागला...

प्याला.

रात्रीतच पोट फुगलं. तीन डॉक्टर झाले. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. कारण कोणालाच सापडलं नाही. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी गेला. शेवटचे दोन दिवस एकच घोकत होता, "मी ढकललं. मीच ढकललं." तेव्हा कुठे गावाला कंठ फुटला. थू!

हिल्डा अजून नर्स आहे. उशीर झाला तर कोणाच्याही गाडीने घरी येते. खबरदार कोणी हसलात तर.

त्याला पुरायला आम्ही कबरस्थानात गेलो. बाजूलाच सेलिनची कबर. तिच्यावर त्याने संगमरवरी दगड बसवून घेतला होता. तिचं नाव, तारीख, आणि खाली, "तुझा एकनिष्ठ पती रिचर्ड." बोटाचं टोक जाईल इतकं खोल कोरलेलं.

नाव होतं. तारीख होती.

खालची ओळ... नव्हती.

छिन्नीची खूण नाही. साधा ओरखडा नाही. मी हात फिरवला. दगड गुळगुळीत.

एप्रिलचं ऊन होतं. दुपारचे बारा.

आणि दगड ओला होता.