वेणीचा नेम

नांदेडच्या जीवस्तर प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी बेलसरे यांनी इंदुमतीबाईंच्या नळीतला नमुना पुन्हा तपासला. पहारेथर पुरता नाहीसा झाला होता.

डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीत उपद्रवी जंतू चिकट वस्ती, म्हणजे जीवस्तर, करतात आणि तिथून रक्तात उतरतात. त्या वस्तीपुढे औषधं हरतात. म्हणून बेलसरेंनी रुग्णाच्याच त्वचेवरचे सौम्य जंतू निर्धोक करून नळीत आधीच वसवले होते; हाच पहारेथर. जागा भरलेली, मग परक्याला थारा कुठला? चार वर्षांत एकदाही ताप नाही, हे इंदुमतीबाई वॉर्डभर सांगत. आता दाढदुखीवरच्या प्रतिजैविक गोळ्यांनी पहारेकरीच मारले होते.

"पुन्हा विरजण लावू या की," सिस्टर लीना म्हणाल्या.

"त्यांच्या त्वचेवरही काही उरलं नाही. जिवंत साठा टिकत नाही, आपल्याकडे नुसती जनुकांची नोंद आहे. तिच्याशी जुळणारंच विरजण लागेल."

नळी काढावी, तर दुसरी बसवायला शीर उरली नव्हती. उपद्रवी जंतू रिकामी जागा बळकावण्याआधी हाताशी दोन दिवस होते.

मुखेडहून इंदुमतीबाईंचे सख्खे भाऊ विश्वंभरराव आले. रक्ताचं नातं म्हणत त्यांनी ऐटीत हात पुढे केला. जुळलं नाही. मग सिस्टरांनी आपला नमुना दिला. त्यांची जंतू वाढवायची ताटली कोरीच राहिली.

"इतके हात धुता," बेलसरे म्हणाल्या, "की जंतूंनी तुमचा नाद सोडलाय."

बोलता बोलता त्या थांबल्या. जंतूंना वंशावळ कुठे कळते? त्यांना स्पर्श कळतो. त्यांनी इंदुमतीबाईंना विचारलं, रोज तुम्हाला कोण शिवतं?

"माझी जाऊ," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं बोलत नाही माझ्याशी. पण या नळीच्या आधी हाताला डायलिसिसच्या सुया सुरू झाल्या, तेव्हापासून माझा हात वर जात नाही. वेणी तीच घालते."

प्रयागबाई आल्या, जावेकडे न बघता नमुना देऊन बाकावर बसल्या.

नमुना नोंदीशी तंतोतंत जुळला. बेलसरेंनी नोंदीची तारीख पाहिली, ती वेणी सुरू झाल्यानंतरची होती, आणि त्यांना उमगलं. चार वर्षं त्या नळीवर पहारा होता तो प्रयागबाईंच्या हातचा. इंदुमतीबाईंचा समजून बेलसरेंनी तो त्यांच्या मानेवरून उचलला होता, एवढंच.

नवा थर धरला. त्वचेवरचे पहारेकरी परत यायचे तर रोजचा स्पर्श चुकता कामा नये, असं दोघींना हा उलगडा सांगून बेलसरेंनी बजावलं.

"डॉक्टर, यांना सांगा," प्रयागबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझा नेम एक दिवस मोडलेला नाही."

इंदुमतीबाईंनी नळी सांभाळत, जमेल तेवढी मान ताठ केली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाल्या, "चार वर्षं ताप नाही, म्हणत होते ना मी? ही माझी जाऊ."