बाबांच्या मृत्युपत्राचा साक्षीदार

खोटं सांगून मला काय मिळणार? जे घडलं तेच सांगते. गेल्या उन्हाळ्यात, बाबांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात.

बाबा चष्मे बनवायचे. आई लवकर गेली. आम्हा भावंडांना आत्यानेच वाढवलं. म्हणून बाबांनी मृत्युपत्रात घर तिच्या नावे केलं आणि ते अमलात आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली. एक्झिक्युटर म्हणतात त्याला.

"तुझ्या आत्याला कुणी घराबाहेर काढता कामा नये," माझा हात घट्ट धरून म्हणाले होते.

ते गेल्यावर मी प्रोबेटचा अर्ज केला. मृत्युपत्र खरं आहे, यावर कोर्टाची मोहोर हवी. त्याला साक्षीदार लागतो. सही केलेल्या दोघा साक्षीदारांपैकी डॉक्टर वारले होते. उरला माझा थोरला भाऊ.

"दादा, येशील ना?"

"वेडी आहेस का? बाबांचं काम आहे!"

अर्जात घरातल्या वस्तूही लिहायच्या होत्या. एका भर दुपारी आम्ही दोघंच गेलो. आत्या तेव्हा माझ्याकडे राहत होती. दादा कपाटं उघडत होता, मी लिहून घेत होते.

आणि आतल्या खोलीतून...

टक्.

चष्म्याच्या डबीचं झाकण. बाबा चष्मा काढून ठेवायचे, तेव्हा अस्साच आवाज यायचा.

मी आत धावले.

खोली रिकामी. डबी... कुठेच नव्हती.

"ऐकलंस?"

"काय?" दादा म्हणाला. पण त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

मला भीती नाही वाटली. उलट धीर आला. बाबांचं लक्ष आहे म्हणायचं!

किती खुळी होते मी.

कोर्टात दादा उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सही केली तेव्हा बाबा शुद्धीवर नव्हते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मृत्युपत्र रद्द झालं, तर घर आम्हा दोघा भावंडांचं. आत्याला काहीच नाही.

ती माझ्या शेजारीच बसली होती. "त्याला बरं नसेल गं," एवढंच पुटपुटली.

संध्याकाळी मी तडक बाबांच्या घरी गेले. दादा तिथेच गेल्याचं कळलं होतं, त्याला जाब विचारायला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून दादाचा रडवेला आवाज आला.

"मी चुकलो का हो?"

आणि मग...

"नाही रे राजा. तू जेवलास का?"

बाबा!

तोच घोगरा आवाज. 'राजा' ते फक्त दादालाच म्हणायचे.

अंगावर सरसरून काटा आला. पण त्याहून वाईट म्हणजे, माझ्या आत काहीतरी तुटलं. ज्यांच्या शब्दाखातर मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते, ते...

"बाबा!" मी हाक मारली. "बाबा, मी आलेय!"

बोलणं थांबलं.

सपाता घासत कुणीतरी दारापर्यंत आलं. पलीकडे उभं राहिलं. मी श्वास रोखला.

आणि...

आतून कडी लागली.

दादा आजही म्हणतो, "मी एकटाच होतो. रडत होतो. दारापाशी गेलोच नाही."

केस अजून चालू आहे. दर तारखेला मी उभी राहते. परवा आत्या म्हणाली, "तुझ्या बाबांना वरून दिसत असेल ना गं, पोरगी किती करते ते?"

मी 'हो' म्हटलं.

दुसरं काय सांगू तिला?